खासगी मातीचा बांध पावसाळ्यात कसा सांभाळावा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड, राधानगरी, शाहूवाडी, आजरा या पट्ट्यात ओढा अडवून स्वतःच्या रानात तळं केलेले बरेच शेतकरी आहेत. पंधरा-वीस फूट उंचीचा मातीचा बांध, एका कडेला जादा पाणी जायला सांडवा, पाणी सोडायला पोटातून गेलेला पाइप आणि खाली ऊस नाहीतर भात. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि काही अटींवर १० ते १५ मीटरच्या धरणांना लागू होतो. आपला बांध त्यात बसत नाही. म्हणजे तो तपासायला कोणी येणार नाही, जबाबदारी सातबाऱ्यावर नाव आहे त्याची.

रोहिणी निघायच्या आधी बांधावरची घाणेरी आणि झुडपं तोडून घ्या. गवत राहू द्या, फक्त आखूड कापा, ते माती धरून ठेवतं. मोठं झाड असेल तर नुसता बुंधा कापून मोकळे होऊ नका. मुळं आत कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या उरतात. मुळासकट काढायचं, खड्डा थराथराने भरून धुमसायचा. घुशीची, साळिंदराची बिळंही अशीच खणून भरायची, तोंडावर दगड ठेवून काही होत नाही.

मग गवंड्याची पाण्याची नळी घेऊन बांधाच्या माथ्याची पातळी बघा. भराव मधोमध बसतो, आणि ट्रॅक्टरची वाट तिथूनच असेल तर जास्तच. पाणी चढलं की पहिल्यांदा त्याच खळग्यातून जाणार, आणि मातीच्या बांधावरून पाणी गेलं की बांध उरत नाही. खळगा भरताना जुनी माती खरवडून घ्या, सहा-सहा इंचांचे थर टाका, पाणी शिंपडा, रोलर फिरवा. माती मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण हाताला चिकटू नये, इतकीच ओल पुरते. पाण्याकडून मागच्या बाजूला आरपार जाणारी भेग दिसली तर वरून माती ओतू नका. ती तळापर्यंत खणून पुन्हा भरा.

सांडवा साफ ठेवा. उन्हाळ्यात उसाला एक पाणी जास्त मिळावं म्हणून सांडव्यात पोती टाकणं, फळ्या लावणं, मासे अडवायला जाळी बांधणं हे सगळं बंद करा. सांडवा भरून वाहत असतानाही पाणी आणि माथा यांत निदान तीन फुटांचं अंतर हवं. गगनबावड्याकडच्या पावसात ते तीन फूट बघता बघता कमी होतात.

इथपर्यंतचं काम कोणीही करू शकतो. अवघड आहे ते मागच्या बाजूचा पाझर ओळखणं. मलाही ते लवकर जमलं नव्हतं.

मातीचा बांध थोडा पाझरतोच, त्याला घाबरू नये. प्रश्न असा की तरणा आणि म्हातारा (पुनर्वसू-पुष्य नक्षत्रांचा) पाऊस लागला की आपल्याकडे सगळंच ओलं असतं. मग पावसाचं पाणी कुठलं आणि तळ्याचं कुठलं? त्याची तयारी उन्हाळ्यात करायची. चैत्रात तळ्यात पाणी असताना मागच्या बाजूने चाला. सगळं गवत वाळलेलं असताना एखादा पट्टा हिरवागार दिसला, तर पाझराची वाट तीच. तिथे खुंटी ठोकून ठेवा. पावसाळ्यात उघडीप मिळाली की त्या खुंट्यांजवळ अनवाणी फिरा. पावसाची ओल दोन दिवसांत ओसरते, तळ्याची ओसरत नाही. पायाखालची जमीन दबकी लागली, काठी सहज आत गेली, तर ती जागा नव्याने भिजली आहे.

पाझर एका चरात गोळा करा, चराच्या तोंडाशी हातभर पाइपाचा तुकडा बसवा आणि खाली दहा लिटरची बादली ठेवा. ती भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा आणि वहीत लिहा, शेजारी तळ्याची पातळीही लिहा. पातळी तीच असताना बादली लवकर भरू लागली, तर आत वाट मोठी होते आहे. त्याच वेळी काचेच्या बाटलीत पाणी भरून रात्रभर खिडकीत ठेवा. सकाळी पाणी निवळ असेल आणि तळाशी काही नसेल तर ठीक. तळाशी मातीची रेघ बसली असेल, तर बांध आतून वाहून चालला आहे. कमी पण गढूळ गळती ही जास्त पण स्वच्छ गळतीपेक्षा कितीतरी वाईट असते.

अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, “आण्णा, चार ट्रॉल्या मुरूम ओता की, बंद हुतंय.” हे अजिबात करू नका. मागून मुरूम, काळी माती, सिमेंट, ताडपत्री काहीही लावून पाणी कोंडलं, तर आतला दाब वाढतो, पायथा भिजून घसरतो किंवा पाणी दुसरीकडून फुटतं. मागच्या बाजूला पाणी जाऊ द्यायचं असतं, माती अडवायची असते. गळतीवर आधी धुतलेली जाड वाळू फूटभर पसरा, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी, शेवटी दगडांचं वजन. क्रश सँड वापरली तर तिची भुकटी धुऊन टाका, नाहीतर तीच वाट बुजवते. हा थर गळतीच्या चारही बाजूंना चार-पाच फूट पुढे न्या. नीट बसला तर पाणी वाहत राहतं आणि काही वेळात निवळतं. हे साहित्य मे महिन्यातच बांधाजवळ रचून ठेवा, श्रावणात चिखलातून ट्रॉली आत जात नाही.

सगळ्यात जास्त लक्ष पाइपाजवळ द्या. गोल पाइपाच्या पोटाखाली माती नीट धुमसता येत नाही, म्हणून पाण्याला त्याच्या कडेने वाट सापडते. त्यात बहुतेकांचा व्हॉल्व मागच्या टोकाला असतो, कारण तो फिरवायला सोपा. त्यामुळे बांधाच्या पोटातला अख्खा पाइप वर्षभर दाबाखाली राहतो आणि एक सांधा सुटला तर पाणी थेट भरावात घुसतं. व्हॉल्व पाण्याकडच्या टोकालाच हवा, यावर माझ्याशी वाद घालू नये. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हाही भराव खचला होता तो विमोचकाच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या वाटेच्या, जागीच.

मेघोलीचा लघु प्रकल्प आपल्याच भुदरगड तालुक्यातला. तो १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री फुटला आणि त्यात एका महिलेचा जीव गेला. तारीख लक्षात घ्या. मोठा पाऊस ओसरला तरी तळं काठोकाठ असतं आणि भराव आतपर्यंत भिजलेला असतो. म्हणून पोळा झाला, गणपती बसले म्हणून बांधाची फेरी सोडू नका. पातळी निम्म्यावर येईपर्यंत एक दिवसाआड बादली मोजा. तिवरे धरण २०१९ मध्ये फुटलं तेव्हा खेकड्यांचं नाव घेतलं गेलं. बिळं वेळेवर बुजवणारा मालक असेल तर खेकड्यांवर ती पाळी येत नाही.

गढूळ पाणी वाढतच चाललं, माथा खचायला लागला किंवा तळ्यात भोवरा दिसला, तर क्रम असा ठेवा. पहिला फोन ओढ्याकाठच्या घरांना आणि गोठ्यांना, दुसरा पोलीस पाटलांना, मग ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७. ते नंबर आजच लिहून ठेवा, रात्री रेंज शोधत फिरावं लागतं. नंतर व्हॉल्व पूर्ण उघडा, पंप लावा, बांधावरून सायफनचे पाइप टाका. भोवऱ्याच्या जागी पाण्याकडून पेंढ्या, पोती, ताडपत्री टाकता येते. ताडपत्रीला जागा आहे ती याच बाजूला. पण पाण्यात कोणी उतरायचं नाही. जेसीबी बांधावर चढवू नका आणि पाणी काढायला भराव कापू नका. उतरवायचंच असेल तर कडेच्या घट्ट मुरमात सांडवा खोल करा.

असा प्रसंग नसताना मात्र तळं रोज फूटभरापेक्षा जास्त उतरवू नये. पाणी झपाट्याने गेलं की पाण्याकडचा भिजलेला उतार आधार सुटून ढासळतो. पाइपाची दुरुस्ती करायची तर तळं रिकामं झाल्यावर, कडक उन्हात, बांध उघडून करा आणि पाइपाच्या मागच्या तिसऱ्या हिश्श्याभोवती चाळलेल्या वाळूचं वेष्टण द्या. कंत्राटदार एका दिवसात खणून बुजवून देतो म्हणाला तर त्याला काम देऊ नका. थर धुमसायला आठवडा लागतो.