नागपूर ते नेपाळ, दहा दिवस : भरवसा शिकायचा तर तयारी कशी करावी

चर्चच्या मंडळीतली सात-आठ माणसं सेवेसाठी नेपाळला जायचं ठरवतात, की पहिली बैठक तिकिटांवरच संपते. देवावर भरवसा ठेवायला शिकायचं असेल तर तिकिटांच्या आधी प्रार्थनेची वही आणा. निघायच्या चार महिने आधी, प्रत्येकाची वेगळी, साधी शंभर पानी.

पानावर चार रकाने आखा : तारीख, मागणी, माझ्या हातात काय होतं, पुढे काय झालं. "पैशांची सोय होऊ दे" असं मोघम लिहू नका. "२० तारखेपर्यंत माझ्या वाट्याचे ६,००० रुपये कमी पडतात" असं लिहा. मग तिसऱ्या रकान्यात खरं तेच उतरवा : जादा कामाची पाळी मागितली का, घरी मोकळेपणाने बोललो का, नवा मोबाइल पुढे ढकलला का. हा रकाना बहुतेकांचा कोराच राहतो. तो कोरा ठेवून चौथ्यात उत्तराची वाट पाहिली, तर आळसालाच आपण विश्वास म्हणत राहतो. चौथ्या रकान्यात "मिळाले नाहीत" हेही तारखेनिशी लिहा. खाडाखोड नको.

पहिल्या दोन बैठकांत बायबलमधले नहेम्या २ आणि एज्रा ८ हे अध्याय वाचा. दोघेही पारसाच्या राजाच्या परवानगीने यरुशलेमला निघालेले. राजाने विचारलं आणि नहेम्याने उत्तर दिलं, या दोन्हींच्या मधल्या क्षणात तो प्रार्थना करतो; मग पत्रं मागतो, लाकूड मागतो, बरोबर आलेले घोडेस्वारही स्वीकारतो. एज्रा मात्र राजाकडे फौज मागायला लाजतो आणि उपास करून निघतो. दोघांचाही भार देवावरच आहे. प्रत्येक गटात दोन्ही स्वभावांची माणसं असतात. तिसरा प्रकारही असतो : "प्रभू बघेल" म्हणत ओळखपत्राची प्रत शेवटपर्यंत न देणारा. त्याचं ओझं बाकीच्यांच्या डोक्यावर येतं, म्हणून त्याच्याशी गटप्रमुखाने वेळीच आणि स्पष्ट बोलावं.

नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मूळ स्वरूपात जवळ ठेवा, आधार कार्डावर विसंबू नका. नागपूरहून गोरखपूरला राप्तीसागर एक्सप्रेस जाते, पण ती रोज नसते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी काढा. गोरखपूरहून सोनौलीची सीमा सुमारे शंभर किलोमीटर, बस किंवा जीप मिळते. सीमा ओलांडली की घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. पुढे काठमांडूपर्यंत डोंगरातला पूर्ण दिवसाचा रस्ता आहे. पावसाळ्यात दरडी कोसळून तो बंद पडतो, तेव्हा जून ते सप्टेंबर टाळा. दशैं आणि तिहारच्या (तिथल्या दसरा-दिवाळीच्या) दिवसांत बसगाड्या गच्च भरतात.

वेळापत्रकात एक दिवस कोरा सोडा. नऊ दिवसांचं काम दहा दिवसांत बसवलं तर बस अडकली तरी जीव घाबरा होत नाही आणि प्रार्थनेला जागा राहते. गाडी रस्त्यात थांबली की गटप्रमुखाने आधी यजमान पाळकांना आणि मग घरच्या संपर्काच्या माणसाला फोन करावा. त्यानंतर जेवढं कळलं तेवढं सगळ्यांना सांगावं. दहा मिनिटं शांत बसून प्रत्येकाने वहीत लिहावं, मग डबा उघडावा. पोटात अन्न नसलेला माणूस पटकन चिडतो. इथे अनुभवी प्रमुखांचीच चूक होते : ते सगळी अडचण एका बाजूला फोनवर परस्पर मिटवतात. गट परत येतो तेव्हा त्याचा भरवसा दादांवर वाढलेला असतो, देवावरचा होता तेवढाच राहतो.

कायद्याच्या बाबतीत ढिलाई चालणार नाही. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाचा अनुच्छेद २६ दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई करतो. २०१८ पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ नुसार त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे; परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. म्हणून पत्रकं नकोत, रस्त्यावरचं भाषण नको, मुलांना भेटवस्तू देऊन जमवणं तर नकोच. धाडस दाखवणारा पाहुणा दहाव्या दिवशी घरी पोहोचतो, चौकशीला तोंड देतो तो तिथला पाळक. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये प्रेषित पौलाला दोनदा अडवलं गेलं आणि मग मासेदोनिया प्रांताची वाट उघडली, हे निघण्यापूर्वी एकत्र वाचा. यजमान मंडळी सांगेल ते करा : भिंत रंगवा, भांडी घासा, आजाऱ्याच्या घरी बोलावतील तिथे पाळकांबरोबर जा. तिथे उपासना शनिवारी असते, त्या हिशेबाने पोहोचा.

नेपाळी देवनागरीत लिहितात, त्यामुळे मराठी माणसाला ती वाचता येते. याचा उपयोग करा. स्तोत्र १२१ ची आठच वचनं आहेत. ती नेपाळी पवित्र शास्त्रातून मोठ्याने वाचायचा सराव महिनाभर करा. 'परमप्रभु' सहज जमतो, वाक्याच्या शेवटचं 'छ' आणि 'हुन्छ' जिभेवर अडखळतं. शनिवारी उभं राहून अडखळत वाचलं की समोरची आजी हळूच शब्द दुरुस्त करते. द्यायला आलेला माणूस तिथे घ्यायला शिकतो, आणि याची बरोबरी दुसऱ्या कुठल्याही कार्यक्रमाने होत नाही.

पैशांचं थोडक्यात : राहण्या-जेवणाचा खर्च यजमान मंडळीच्या खजिनदाराकडे लेखी द्या. कुणाच्या हातात परस्पर नोटा ठेवू नका आणि "पुढच्या वर्षी पाठवू" असा शब्द देऊ नका. मंडळीच्या ट्रस्टमधून परदेशात खर्च करायचा असेल तर आधी सीएला विचारा, करसवलतीचा प्रश्न येतो. एकूण खर्चावर पंधरा टक्के राखीव ठेवा. नेहमीची औषधं पंधरा दिवसांची घ्या.

स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले ते इथे राहायला, आणि १८६३ मध्ये पुराच्या पाण्यात बुडून गेले. दहा दिवसांच्या पाहुण्याने त्यांच्या पंगतीत बसू नये. "आम्ही सेवाकार्य करून आलो" असं म्हणण्यापेक्षा "तिथल्या मंडळीला भेटून आलो" म्हणावं.

परतल्यावर आठवड्याच्या आत वह्या एकत्र वाचा. रविवारच्या साक्षीला (मंडळीसमोर अनुभव सांगायला) प्रत्येकी तीन मिनिटं पुरे : पूर्ण झालेली एक मागणी, न झालेली एक. न झालेलीला गोड शेवट चिकटवू नका. यजमानांचे फोटो, गावाचं नाव स्टेटसवर टाकू नका. त्याच चार रकान्यांत आता घरचं लिहायला लागा, मुलीचं ॲडमिशन, आईची शुगर. आणि चौथा रकाना अजून कोरा असलेल्या मागण्या एका कागदावर उतरवून बुधवारच्या प्रार्थनेच्या गटाकडे द्या.