खिडकीतून पाणी येतंय? सिलिकॉनची गन उचलायच्या आधी या चुका टाळा

सोलापुरात वर्षभर खिडकीच्या रबराकडं कोण बघत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात, पारा ४० च्या वर गेला की ते वाळून आखडतं, कोपऱ्यात फट पडते, आणि मग सप्टेंबरचा पाऊस आडवा लागला की पाणी थेट गादीवर. आमच्याकडं हेच झालं आणि मी पण सगळे करतात तेच केलं, दिसेल तिथं सिलिकॉन मारलं.

स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूनं बारीक भोकं असतात बघा, ती ट्रॅकमधलं पाणी बाहेर जायला मुद्दाम ठेवलेली असतात. मी शहाण्यानं तीच लीकेज समजून बुजवली. पुढच्या पावसात ट्रॅक हौदासारखा भरला आणि पाणी आत सांडलं, मग अख्खा रविवार ब्लेडनं सिलिकॉन खरवडत बसलो. आधी ही भोकं तारेनं मोकळी करा, जुन्या टूथब्रशनं ट्रॅक घासा, आपल्याकडची धूळ त्यात चिखल होऊन बसते. पुष्कळदा काम इथंच संपतं, एक रुपया न घालता.

तरी गळतंय? मग आत एकाला टॉर्च घेऊन बसवा आणि बाहेरून मगानं पाणी टाका, पण खालून सुरू करून हळूहळू वर जा, पहिल्यांदाच वरून ओतलं तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. वरच्या मजल्यावर असाल तर बाहेर वाकून हे उद्योग करू नका.

रबर अंदाजानं आणू नका, जुन्याचा चार बोटं तुकडा कापून दुकानात न्या. बसवताना ताणायचं नाही, ताणलेलं रबर महिन्याभरात परत आखडतं आणि कोपरा उघडा पडतो, उलट थोडं लांबच कापा आणि दाबून बसवा. सरकत नसेल तर साबणाचं पाणी लावा, खोबरेल नको, तेलानं रबर फुगतं. शटरच्या, म्हणजे सरकणाऱ्या पल्ल्याच्या, कडेला ब्रशसारखी लवाची पट्टी असते ती झिजली असेल तर पट्टीच बदला, तिथं सिलिकॉन भरलं तर खिडकी सरकायची नाही.

सिलिकॉन खरंच लागतं ते चौकट आणि भिंतीच्या मधल्या फटीला. तिथं लोक व्हाइट सिमेंट भरतात, ॲल्युमिनियम उन्हात प्रसरण पावतं आणि सिमेंटला चीर जाते. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन काचेला चालतं, सिमेंट आणि मार्बलला न्यूट्रल, म्हणजे तो आंबट वास नसणारं, मागा. जुनं पूर्ण काढा, कारण नवं सिलिकॉन जुन्यावर धरत नाही. फट बोटभर असेल तर आधी फोमची दोरी कोंबा. आणि हे काम सकाळी करा, दुपारी तापलेल्या चौकटीवर नको, नंतर २४ तास पाणी लागू द्यायचं नाही.

एवढं करून पाणी चौकटीच्या वरूनच झिरपत असेल तर खिडकीचा नाद सोडा आणि गवंड्याला बोलवा, छज्ज्याला नाहीतर भिंतीला चीर असणार.