पंधरा किलोंत प्रवास: बॅग भरण्याआधी वजन करा

देशांतर्गत विमानात इकॉनॉमीच्या साध्या तिकिटावर बहुधा 15 किलो चेक-इन आणि 7 किलो केबिन सामान चालतं. तरी तिकिटावरचा आकडा वाचाच. काही स्वस्त तिकिटांत चेक-इन सामान धरलेलंच नसतं.

सुरुवात रिकाम्या बॅगेपासून करा. मोठी कडक सूटकेस स्वतःच चारेक किलो खाते, म्हणजे हातात उरतात जेमतेम 11. मऊ कापडी बॅग घ्या. लटकता वजनकाटा नसेल तर घरच्या काट्यावर आधी स्वतः, मग बॅगेसह उभे राहा आणि फरक काढा. 14 किलोंवर थांबा. घरच्या आणि काउंटरवरच्या काट्यात थोडा फरक पडतोच. जास्तीच्या प्रत्येक किलोला पैसे पडतात, आणि ते विमानतळावर भरण्यापेक्षा आधी ऑनलाइन भरलेले स्वस्त पडतात.

जीन्स एकच, तीही अंगावर. जड बूटही पायातच.

मुंबईकरांची खरी अडचण खाऊची. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका: त्यात तेल भरपूर, पेट घेण्याचा धोका, म्हणून त्या बाहेर काढल्या जातात. लोणचं चेक-इनमध्ये, बरणीचं झाकण चिकटपट्टीने बंद करून, दुहेरी पिशवीत.

पॉवरबँक मात्र केबिनमध्येच. 20,000 एमएएच म्हणजे साधारण 74 वॅट-अवर, मर्यादा 100. चेक-इनमध्ये राहिली तर बॅग उघडायला बोलावणं येतं, आणि वेळ जातो.

निघताना टर्मिनल 1 की 2, तेही पाहा.