दोन ट्रान्सफॉर्मर, एक बस आणि माझा 50 केएचा घोळ

डिप्लोमा झाल्या झाल्या भोसरीत एका पॅनल बनवणाऱ्या वर्कशॉपात एस्टिमेशनला लागलो. काम काय, तर एसएलडी (सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे एका रेषेत काढलेला विजेच्या जोडणीचा नकाशा) आली की ब्रेकर मोजायचे, बसबार (सगळे ब्रेकर ज्याला जोडतात ती धातूची जाड पट्टी, थोडक्यात बस) धरायचा आणि कोटेशन काढायचं. शॉर्ट सर्किट रेटिंगच्या (शॉर्ट सर्किट झालं तर पॅनल किती करंट सोसेल त्या आकड्याच्या) कॉलमात सगळेच 50 केए, म्हणजे 50 किलोअँपिअर, टाकायचे म्हणून मीही टाकायचो. का, ते कधी विचारलंच नाही.

मग एक पीसीसी (पॉवर कंट्रोल सेंटर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडून वीज घेऊन पुढे वाटणारं मुख्य) पॅनल आलं. दोन इनकमर (ट्रान्सफॉर्मरकडून वीज आत घेणारे ब्रेकर), मध्ये बस कपलर (दोन्ही बाजूंच्या बस जोडणारा ब्रेकर), दोन्हीकडे 1600 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, 433 व्होल्ट, इम्पिडन्स (ट्रान्सफॉर्मरचा आतला अडथळा) 6.25 टक्के. फुल लोड करंट साधारण 2133 अँपिअर, त्याला 0.0625 ने भागलं की 34 केए, म्हणजे 50 मध्ये आरामात बसतंय म्हणून मी मोकळा झालो. आमचे डिझाइनवाले सर ड्रॉइंगवर पेन टेकवून एवढंच म्हणाले, "आणि तिन्ही ब्रेकर एकदम ऑन झाले तर?" मी म्हटलं, सर कॅसल की आहे (तीन ब्रेकरना तीन कुलपं, पण चाव्या दोनच), तीनपैकी दोनच लागतात. "या कस्टमरचं जुनं पॅनल बघून ये एकदा."

गेलो. तीन कुलपं, दोन चाव्या, बरोबर. तिसरी चावी पॅनल रूममधल्या गणपतीच्या फोटोमागे खिळ्याला! ऑपरेटर अगदी साळसूदपणे म्हणाला, "लाइट न घालवता चेंजओव्हर करायचं तर तिन्ही लावावे लागतात ना साहेब, पाचच मिनिटं." त्या पाच मिनिटांत बसवर फॉल्ट लेव्हल (शॉर्ट सर्किट झालं तर वाहणारा करंट) दोन्ही ट्रान्सफॉर्मरची मिळून 68 केए आणि पॅनल 50 चं.

म्हणून नवीन पोरांनो, कॅल्क्युलेटर नंतर काढा, आधी कोणते सोर्स एका वेळी बसवर येऊ शकतात ते विचारा, आणि ऑफिसात नाही तर ऑपरेटरला विचारा. डीजी (डिझेल जनरेटर) ग्रीडबरोबर सिंक होतो, म्हणजे एकाच वेळी बसवर चालतो, का तेही बघा, 1010 केव्हीएचा डीजी सबट्रान्झियंट रिअॅक्टन्स (फॉल्टच्या पहिल्या क्षणी जनरेटरचा आतला अडथळा) 12 टक्के धरला तर 11-12 केए देतो, आणि थेट लाइनवर चालणाऱ्या मोठ्या मोटर्स पहिल्या काही सायकलमध्ये फॉल्टला करंट पुरवतात ते वेगळंच.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली, सगळ्या ब्रेकरना सारखा आकडा लागत नाही. आउटगोइंग फीडरवर (बसवरून लोडकडे जाणाऱ्या लाइनवर) फॉल्ट झाला तर त्याच्यातून दोन्ही ट्रान्सफॉर्मरचे मिळून 68 जातात, पण इनकमरमधून एकाचेच 34, फॉल्ट खाली असो की वर ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला (तेव्हा दुसरा ट्रान्सफॉर्मर बसमधून उलटा फीड करतो). कपलरमधूनही 34 च. म्हणजे सगळ्यात छोटा दिसणारा एमसीसीबी (आउटगोइंगला लावतात तो डबीसारखा ब्रेकर) सगळ्यात मोठा मार खातो, आणि आपण पैसे वाचवतो नेमके तिथंच. बसबारला मात्र पूर्ण 68 सोसायचे असतात, 1 सेकंद, वर पीक (करंटचं सुरुवातीचं सगळ्यात उंच टोक) वेगळा, 50 केएच्या वर आरएमएसच्या (वरचे सगळे आकडे ज्यात आहेत त्या परिणामी मूल्याच्या) 2.2 पट धरतात, सपोर्ट इन्सुलेटर फुटतात ते त्या पीकनं. इम्पिडन्सला 10 टक्के टॉलरन्स असतो, उणे बाजूला गेला तर 68 चे 76 होतात, त्यामुळे 70 चा ब्रेकर घेऊन खूश होऊ नका.

शेवटी कस्टमरला नो-ब्रेक चेंजओव्हर हवंच होतं, मग बसबार आणि आउटगोइंग 80 केए, इनकमर-कपलर 50 च ठेवले. रेट वाढला म्हणून परचेसवाल्यांनी आठवडाभर डोकं खाल्लं. जुन्या पॅनलची ती तिसरी चावी मात्र मॅनेजरनं त्याच दिवशी स्वतःच्या कपाटात टाकली.