दीपगृहावर जाताना मोटरहोम खालीच ठेवा

सील (समुद्रातले सस्तन प्राणी) आणि देवमासे पाहायला दीपगृहावर जाताय? तिकडे जाणारा शेवटचा रस्ता बहुतेकदा अरुंद असतो, वर मोटरहोम (राहायची सोय असलेली मोठी गाडी) वळवायलाही जागा नसते. ती खालीच लावून चालत जा. भरती-ओहोटीची वेळ मात्र आदल्या रात्रीच पाहून ठेवा. ओहोटीला खडक उघडे पडतात आणि सील त्यांवर येऊन पहुडतात, लांबून अगदी ओल्या दगडांसारखे. एखाद्याने मान उचलून तुमच्याकडे रोखून पाहिलं, की समजा आपण फार जवळ आलो. हळूच मागे सरा. देवमासा शोधताना आधी नुसत्या डोळ्यांनी पाणी न्याहाळा, पांढरा फवारा दिसला की मग दुर्बीण लावा. ८ पट मोठं दाखवणारी पुरे, त्याहून जास्त शक्तीची वाऱ्यात हातात थरथरते. मला विचाराल तर ढगाळ, वारा पडलेली सकाळ सर्वांत उत्तम.