ऑस्ट्रेलियातील देशी लाकूड : काम पाहून निवड

ऑस्ट्रेलियात घराच्या डेकसाठी (घराबाहेरच्या लाकडी फळ्यांच्या ओट्यासाठी), कुंपणासाठी किंवा फर्निचरसाठी लाकूड घेताना रंग पाहण्याआधी ते जमिनीत गाडले जाणार, उघड्यावर राहणार की घरात, हे ठरवावे. कारण तिथल्या मानकांनुसार प्रत्येक जातीला टिकाऊपणाचा १ (सर्वांत टिकाऊ) ते ४ (सर्वांत कमी टिकाऊ) असा वर्ग दिलेला असतो आणि जमिनीतल्या व जमिनीवरच्या वापरासाठी तो वेगळा असू शकतो. हा वर्ग फक्त गाभ्याच्या लाकडाचा असतो. सालीलगतचे लाकूड कोणत्याही जातीचे असो, त्यावर प्रक्रिया केलेली नसल्यास ते चौथ्याच वर्गात मोडते.

जमिनीत गाडायच्या खांबांसाठी आयर्नबार्क उत्तम. त्याचे वजन घनमीटरला सुमारे ११०० किलो भरते, म्हणजे ते पाण्यात बुडते. खाऱ्या पाण्यातल्या धक्क्यांसाठी टर्पेंटाइन नावाच्या झाडाचे लाकूड वापरतात. त्यातल्या सिलिकामुळे समुद्री किडे त्याला सहसा पोखरत नाहीत, पण करवतीची धारही लवकर जाते. डेकसाठी स्पॉटेड गम किंवा ब्लॅकबट घ्यावे. वणव्याच्या पट्ट्यात घर असेल तर यांचाच विचार करावा, कारण वणव्याला तोंड देणाऱ्या ज्या सात जाती बांधकाम मानकात मान्य आहेत, त्यांत या दोन्ही आहेत.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅरा आणि कॅरी ही दोन्ही लालसर लाकडे दिसायला इतकी सारखी असतात की जाणकारही फसतात. जमिनीत मात्र वाळवीपुढे कॅरी जॅराइतके टिकत नाही. अशा वेळी गाभ्याची काडीएवढी ढलपी काढून सुरक्षित जागी जाळून पाहावी : जॅराचा काळा कोळसा उरतो, कॅरीची पांढरी राख होते. २०२४च्या आरंभापासून त्या राज्यात सरकारी नैसर्गिक जंगलांतील व्यापारी लाकूडतोड बंद झाली आहे. त्यामुळे पाडलेल्या इमारतींचे जुने जॅरा मिळाल्यास ते अवश्य घ्यावे. रंधा मारण्यापूर्वी त्यातले सगळे खिळे काढावेत, आणि असे लाकूड रंगाखाली झाकू नये असे मला मनापासून वाटते.

घरातल्या कामासाठी टास्मानियन ओक पुरेसे आहे. हे निलगिरीच्या तीन जातींचे व्यापारी नाव असल्याने फळ्यांच्या छटा जुळवून घ्याव्यात. कपाटांसाठी ब्लॅकवुड अधिक देखणे. तिथले रेड सीडर म्हणजे आपल्याकडे सतारीसाठी वापरतात तीच तूण. एकोणिसाव्या शतकातील बेसुमार तोडीमुळे आणि कोवळे शेंडे पोखरणाऱ्या अळीमुळे लागवड फसत गेल्याने ते आता दुर्मीळ आहे.

ही टणक लाकडे जोडताना, विशेषतः फळीच्या टोकाजवळ, आधी भोक पाडूनच स्क्रू बसवावा, नाहीतर फळी चिरते. उघड्यावर साधे लोखंडी स्क्रू वापरल्यास लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे भोवती काळे डाग पडतात, म्हणून ते स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. पहिल्या काही पावसांत हेच टॅनिन तपकिरी पाण्याच्या रूपाने खाली गळते. डेकखाली फरशी किंवा काँक्रीट असल्यास फळ्या बसवण्याआधी धुऊन, वाळवून आणि चारही बाजूंनी तेल लावून घ्याव्यात.