युद्धात गस्तीवर गेलेल्या यॉटचा इतिहास लिहिताना या चुका टाळा

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा तिथल्या नौदलाने श्रीमंतांच्या यॉट आणि मोटरबोटी विकत किंवा भाड्याने घेऊन गस्तीला लावल्या. त्यांच्यावर लिहिणारे आणि त्यांची मॉडेल्स करणारे त्याच त्या ठिकाणी अडखळतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नौदलाचा ‘एसपी’ नंबर दिसला की बोट युद्धात गेली असं धरून चालणं. ‘एसपी’ म्हणजे सेक्शन पेट्रोल, किनाऱ्याच्या ठरावीक भागातली गस्त. नौदलाच्या कामाला येतील अशा बोटींची तपासणी करून त्यांना हे नंबर दिले जायचे. त्यातल्या कितीतरी बोटी पुढे घेतल्याच गेल्या नाहीत. नंबर होता, पण बोट मालकाच्याच धक्क्यावर उभी. त्यामुळे नंबर सापडला की लगेच कमिशनिंगची, म्हणजे बोट नौदलाच्या सेवेत रीतसर दाखल झाल्याची, तारीख शोधा. ती मिळाली नाही, तर नावाआधी ‘यूएसएस’ (अमेरिकन नौदलाचं जहाज) लावू नका. तारखा जुळत नसतील तर बहुधा ताब्यात घेतल्याची तारीख आणि कमिशनिंगची तारीख एकमेकींत मिसळलेली असते. दोन्ही वेगळ्या लिहा, अर्धा घोळ तिथेच सुटतो.

नावांचंही तसंच. दुसऱ्या महायुद्धात घेतलेल्या मोठ्या यॉटना बहुतेकदा नवी नावं मिळाली. ‘नाखोदा’ची ‘झिरकॉन’ झाली, जर्मनीत कील इथे बांधलेल्या ‘ओरायन’ची ‘व्हिक्सन’. आता गंमत अशी, की १८९८ मध्ये स्पेनशी झालेल्या युद्धासाठी घेतलेली एक यॉटही ‘व्हिक्सन’च होती. नुसत्या नावावर शोधलंत तर दोघींची माहिती एकाच लेखात येते. नावासोबत नंबर आणि मूळ नाव, दोन्ही पकडून ठेवा.

सरसकट ‘मोटर यॉट’ लिहिणंही टाळा. बंदरांच्या तोंडाशी फिरणाऱ्या छोट्या बोटी मोटरच्या असत, पण फ्रान्सच्या किनाऱ्यावर गेलेल्या ‘अल्सेडो’ आणि ‘ख्रिस्टाबेल’ वाफेवर चालायच्या.

आणि हे हौशी लोकांचं सुरक्षित काम होतं असं तर मुळीच लिहू नका. ५ नोव्हेंबर १९१७ ला जर्मन पाणबुडी यूसी-७१ ने ‘अल्सेडो’ बुडवली, २१ जण गेले. त्या युद्धात अमेरिकन नौदलाने शत्रूच्या हल्ल्यात गमावलेलं ते पहिलं जहाज. ‘ख्रिस्टाबेल’ १८९३ मध्ये ग्लासगोला बांधलेली, म्हणजे आनंदाच्या सफरींसाठीची जुनी यॉट. २१ मे १९१८ ला तिने जर्मन पाणबुडी यूसी-५६ वर डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारा बॉम्ब, टाकला. स्फोटाचा हादरा एवढा होता, की फुटण्यासाठी सज्ज करून ठेवलेले बाकीचे डेप्थ चार्ज सुटून डेकवर घरंगळू लागले. एन्साइन डॅनियल सुलिव्हनने त्यांच्यावर अंग झोकून देऊन ते घट्ट बांधले. त्याला मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. पाणबुडी जखमी होऊन स्पेनमधल्या सांतांदेरला गेली, ती तिथेच अडकली. लढाऊ जहाजाचं सामान हलक्या बोटीवर चढवलं की काय होतं, ते या एका प्रसंगात दिसतं. मॉडेल करणाऱ्यांनी डेप्थ चार्ज ठेवायचा मागचा डेक म्हणूनच नीट अभ्यासावा.

शेवटी फोटो. नौदलाच्या संग्रहात या बोटींचे अनेक फोटो युद्धाआधीचे आहेत. पांढरा रंग, डेकवर छत, तोफेचा पत्ता नाही, असा फोटो ‘गस्तीवर असताना’ म्हणून छापू नका. फोटोखालची ओळ शेवटपर्यंत वाचा, सेवेआधीचा असेल तर बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं.